दुप्पट मागणी

"अहो, या घरात दूध ठेवायला जागा मिळेल का, की शेजारणीच्या फ्रिजमध्ये भाड्यानं ठेवू?"

काकूंच्या एका हातात दुधाचं पातेलं होतं आणि दुसऱ्या हातानं त्यांनी फ्रिजचं दार उघडं धरलं होतं. वरच्या फळीवर, दाराच्या कप्प्यात आणि भाजीच्या ट्रेच्या निम्म्या भागात इन्सुलिनच्या पेनांचे खोके लावलेले होते. लिंबं आणि काकड्या बिचाऱ्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या.

"दार लाव आधी. गारवा जातो," स्टोअरकाका खुर्चीतून उठत म्हणाले.

"गारवा जातो म्हणे! लग्न झाल्यापासून डोक्याला ताप आहे तो जात नाही, गारवा मात्र लगेच जातो."

काकांनी खोक्यांची एक ओळ मागे सरकवली, जुन्या तारखेचे खोके पुढे घेतले, नव्या तारखेचे मागे लावले आणि पातेल्यापुरती जागा करून दिली. हे काम ते इतक्या हलक्या हातानं करत, की बघणाऱ्याला वाटावं, माणूस काचेच्या बांगड्या लावतोय.

त्यांचा सगळा जन्म बस डेपोच्या स्टोअरमध्ये गेला होता. ब्रेकचे लायनर, पंख्याचे पट्टे, दिवे, वायपर, नटबोल्ट. निवृत्तीनंतरही इमारतीत त्यांना सगळे स्टोअरकाकाच म्हणत, आणि कुणाच्या नळाला वॉशर लागला तरी आधी त्यांचंच दार वाजे. डेपोत त्यांनी एक गोष्ट शिकून घेतली होती, जी कुठल्याही नियमात लिहिलेली नव्हती. वर मागणी पाठवायची ती नेहमी दुप्पट. मागणी कापल्याशिवाय ज्याला जेवण जात नाही असा एकजण हेडऑफिसात कायम बसलेला असे. तुम्ही दुप्पट मागा, तो निम्मं कापतो, म्हणजे लागतं तेवढं येतं. लागेल तेवढंच मागणारा भाबडा स्टोअरकीपर पहिल्याच हंगामात तोंडघशी पडे; गाड्या दिव्यांवाचून उभ्या राहत आणि शिव्या खायला हा. काकांच्या डेपोची गाडी मालावाचून कधी उभी राहिली नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात हे बोलून दाखवलं, आणि काकांना ते भाषण अजून पाठ होतं.

आता इन्सुलिनची दुप्पट मागणी का, तेही सांगायला हवं, कारण त्याशिवाय हा माणूस लबाड वाटेल आणि तो लबाड नव्हता.

पेन्शनरांच्या औषधांच्या विम्यात एक खड्डा होता. विमा दरवर्षी नव्यानं सुरू होई, आणि जुन्या आजारांच्या औषधांना पहिले काही महिने हात लावत नसे. त्या महिन्यांत औषधं घ्यायची तर स्वतःच्या खिशातून. म्हणजे नवीन वर्ष लागलं की आजारानं सुट्टी टाकून गावाला जावं आणि विमा जागा झाला की परत यावं, अशी त्या शहाण्यांची कल्पना असावी. माहितीपत्रकात या महिन्यांना काहीतरी छान नाव होतं. बागेतल्या पेन्शनरांच्या बाकावर मात्र त्याला खड्डाच म्हणत. वर्ष संपत आलं की म्हातारे एकमेकांना विचारत, "काय, तयारी झाली का खड्ड्यात उतरायची?" आणि हसत. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण बाकावर बसून दुसरं करणार काय?

काका-काकू पहिल्यांदा त्या खड्ड्यात उतरले तेव्हा त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. औषधाच्या दुकानदारानं नेहमीच्या खोक्याची पूर्ण किंमत सांगितली तेव्हा काकांना वाटलं, हा दुसऱ्या कुणाचं तरी बिल सांगतोय. पेन्शनचा मोठा लचका त्यात जात होता. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. लेकीकडे मागायचं तर तिच्या घराचे हप्ते चाललेले. मग काकूंनीच तोडगा काढला: इंजेक्शन एक दिवसाआड घ्यायचं. "मी काही कुठे पळून जात नाही, आणि साखरही नाही," त्या म्हणाल्या. साखर खरंच पळून गेली नाही. पायाला चप्पल लागली, जखम भरेना, चिघळली, आणि विमा जागा व्हायच्या आत पायाची करंगळी कापावी लागली.

"चप्पल जरा सैल होते आता, एवढंच," काकू विचारपूस करायला येणाऱ्यांना सांगत. काका त्या वेळी दुसऱ्या खोलीत जाऊन बसत.

त्याच वर्षी ते डॉक्टरांकडे गेले आणि जन्मात प्रथमच डेपोबाहेर दुप्पट मागणी लावली. "सकाळची साखर वाढलेलीच असते हो, डॉक्टर. काही केल्या उतरत नाही," ते म्हणाले. बाहेर माणसांची रांग लागलेली. डॉक्टरांनी डोस वाढवून दिला. पुढच्या खेपेला आणखी वाढवला. कागदावरचा डोस दुप्पट झाला. काका मात्र रोज सकाळी पेनाची चकती फिरवून काकूंना पूर्वीइतकंच इंजेक्शन देत आणि उरलेला माल फ्रिजमध्ये रचत. पुढे रक्ताचा रिपोर्ट उत्तम आला तेव्हा डॉक्टर खुशीत म्हणाले, "बघा, डोस वाढवला आणि कशी ताब्यात आली!"

काकू शेजारी तोंडाला कुलूप लावून बसल्या होत्या. रस्त्यावर आल्यावर मात्र म्हणाल्या, "खोटं बोलताना तुमचे कान हलतात. उद्या तो डॉक्टर औषधाऐवजी कानच तपासेल."

हे काकूंचं वैशिष्ट्य. घरात त्या नवऱ्याला एक शब्द सरळ पडू देत नसत. काकांनी सकाळी "ऊन पडलं" म्हटलं, तरी "पडणारच, तुमची परवानगी लागते का?" असं उत्तर यायचं. पण घराबाहेर, चारचौघांत, नवऱ्याचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही. काकांनी पाहुण्यांसमोर एखादी गोष्ट चुकीची सांगितली तरी त्या मान हलवत आणि पाहुणे गेल्यावर हजेरी घेत. लेक म्हणायची, "आई, तू वकील व्हायला हवी होतीस." त्यावर काकू म्हणायच्या, "झालेच आहे. अशील एकच मिळालं, आणि तेही फुकटं."

दुधाच्या पातेल्याचा तंटा झाला त्याच आठवड्यात काकू इमारतीच्या जिन्यात पडल्या. धुतलेली पायरी ओली होती. हातावर भार आला आणि मनगटाचं हाड मोडलं. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, हाडाला आतून धातूची पट्टी बसवावी लागेल. छोटं काम आहे, संध्याकाळी करू, एक-दोन दिवस ठेवून घेऊ.

दाखल करून घ्यायच्या खोलीत दोन टेबलं होती. एका टेबलामागे सिस्टर बसली होती आणि दुसऱ्यामागे विम्याचा माणूस, आणि दोघांच्या खुर्च्या इतक्या जवळ की एकाला शिंक आली तर दुसऱ्यानं रुमाल काढावा. लेक ऑफिसातून तशीच धावत आली होती. तिनं आईला धरलं होतं. काकांनी नेहमीच्या डॉक्टरांची औषधाची चिठ्ठी पुढे केली.

सिस्टरनं ती वाचली. "इन्सुलिन घरी एवढंच घेतात ना काकू? जरा जास्त वाटतंय, म्हणून विचारते."

विम्याच्या माणसानं सहज मान वर केली. तो काही ऐकत होता असंही नाही. बहुधा त्याला जांभई आली होती. पण काकांची पाचावर धारण बसली. खरं सांगावं तर हा उद्या विचारणार, मग एवढी पेनं गेली कुठे? मागणी कापतील. चौकशी लावतील. आणि नवीन वर्ष तोंडावर आलेलं. त्यांच्या डोळ्यांसमोर ती करंगळी आली.

"हो. तेवढंच," ते म्हणाले.

"बाबा औषधांच्या बाबतीत एकदम काटेकोर आहेत," लेक म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता.

काकूंनी दुखऱ्या हाताकडचे डोळे उचलून नवऱ्याकडे पाहिलं. काकांनी मनाशी ठरवलं, हा माणूस इथून उठला की सिस्टरला बाजूला घेऊन सांगू. पण तेवढ्यात चाकांची खुर्ची आली, काकूंना वर नेलं, सह्या झाल्या, ऑपरेशन झालं, सिस्टरची पाळी बदलली. नव्या सिस्टरला सगळं पहिल्यापासून सांगायचं काकांच्या जिवावर आलं. सकाळी सांगू, इंजेक्शन सकाळीच तर असतं, असं म्हणून ते लेकीबरोबर घरी गेले.

सकाळी ते लवकरच निघणार होते. पण काकूंचे कपडे भरताना त्यांना कपाटातलं काहीच सापडेना. ज्या माणसाला अंधारात हात घालून हवा तो बोल्ट काढता येई त्याला बायकोचा कंगवा कुठे असतो ते माहीत नव्हतं. शिवाय, खोटं कशाला बोला, पाय उचलत नव्हता. काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, याची ते घोकंपट्टी करत बसले. 'सिस्टर, थोडी चूक झाली.' छे. 'सिस्टर, चिठ्ठी जुनी आहे.' तेही नको, आणखी एक खोटं. निघाले तेव्हा ऊन वर आलं होतं, आणि बसनं वेळ खाल्ला तो वेगळाच.

वॉर्डात काकू भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. प्लास्टरचा हात उशीवर ठेवलेला. शेजारच्या छोट्या टेबलावर नाश्त्याची थाळी तशीच होती. दोन घास खाल्लेले असतील नसतील.

"झोपू द्या हं, काका," जाता जाता सिस्टर म्हणाली. "दुखण्याचं औषध दिलंय, त्यानं गुंगी येते. सकाळचं इन्सुलिनही झालंय."

"किती दिलं?"

"कागदावर होतं तेवढंच. मी काकूंनाही विचारून घेतलं, एवढंच ना? तर म्हणाल्या, 'ते म्हणाले ना, मग तेवढंच.'"

आणि सिस्टर पुढच्या पलंगाकडे गेली.

काका स्टुलावर बसले. त्यांना त्याच क्षणी उठून ओरडायला हवं होतं, हे त्यांना त्याच क्षणी कळलंही होतं. पण त्यांनी स्वतःला समजावलं, थोडं तरी खाल्लंय तिनं. सिस्टर येऊन-जाऊन बघतेच आहे. शांत झोपलीये, किती दिवसांनी अशी झोपलीये. श्वास चाललाय. त्यांनी कपड्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि सिस्टर मोकळी व्हायची वाट पाहत बसले. ती मोकळी होत नव्हती. पलीकडच्या बाईला उलट्या होत होत्या, कुणाची तरी सलाईन संपली होती. कामात असलेल्या माणसाला मध्येच अडवायचं नाही, ही डेपोतली सवय. बसून राहिले.

जेवणाची गाडी वॉर्डाच्या दाराशी खडखडली तेव्हा त्यांनी काकूंना उठवण्यासाठी हात धरला. हात गार होता आणि घामानं चिंब भिजलेला. मानेखालची उशीही ओली झाली होती.

"अगं," ते म्हणाले. "अगं, ए."

काकूंनी डोळे अर्धे उघडले, पण ते कुणाकडेच बघत नव्हते.

मग काका ओरडले. असे ओरडले, की गाडी ढकलणारी बाई होती तिथेच थांबली. "सिस्टर! ती निम्मंच घेते हो! घरी निम्मंच देतो मी! कागदावरचं खोटं आहे!" सगळ्या वॉर्डासमोर. ज्याच्यासाठी एवढी घोकंपट्टी केली ते बोलायला असा कितीसा वेळ लागला?

पुढे धावपळ झाली. पडदा ओढला, शिरेतून साखर दिली, काकूंना खालच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात नेलं. तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला की जीव वाचलाय, पण साखर बराच वेळ फार खाली होती, मेंदूवर काय परिणाम झालाय ते आत्ता सांगता येणार नाही. काकांनी त्याला सगळं सांगितलं. खड्डा, फ्रिज, दुप्पट मागणी, विम्याच्या माणसाची जांभईसुद्धा. आता काहीच लपवायचं उरलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, हा रागावेल, पोलिसांना बोलावेल. तो रागावला नाही. चष्मा काढून त्यानं डोळे चोळले.

"तुम्ही पहिले नाही, काका," तो म्हणाला. "कुणी गोळ्या अर्ध्या करतं, कुणी बायकोचं औषध नवऱ्याला देतं. आम्हाला कळतं ते असं, शेवटी."

रागावला असता तर बरं झालं असतं.

लेक बाकावर बाजूला बसली होती. ती म्हणाली, "मला सांगायचं होतंत ना, बाबा. हप्ते काय, मागे-पुढे केले असते."

"हो," काका म्हणाले.

"मी तिथे उभी होते. काटेकोर आहेत म्हणाले मी."

"हो."

त्यांना रडू येत नव्हतं. आत सगळं बधिर होऊन गेलं होतं, दात काढल्यावर गाल होतो तसं; हात लावला तर समजतं की आपलाच आहे, एवढंच.

काकू घरी आल्या. हात जुळून आला. चालू लागल्या, जेवू लागल्या, माणसं ओळखू लागल्या. काकांना ओळखत, लेकीला ओळखत, शेजारणीचं नाव मात्र कधी कधी हरवे. बघायला येणारे म्हणत, "नशीब थोर म्हणून वाचल्या. अगदी पहिल्यासारख्या आहेत की!" काका चहा विचारत. पहिल्यासारख्या म्हणजे काय ते या लोकांना कुठे ठाऊक होतं? बाहेरच्यांसमोर काकू पहिल्यापासून गप्पच बसायच्या.

घरात त्या आता एकच शब्द बोलत. काका म्हणाले, चल फिरून येऊ, की "बरं". आज भात नको, की "बरं". पंखा बंद करू? "बरं." पहिल्या दिवशी काकांना वाटलं, थकली असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, रागावलीये; आणि त्यांना केवढं हायसं वाटलं. ती रागावली असेल तर कधीतरी बोलेल. पण ती रागावलेली नव्हती.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर खरा डोस लिहिला. विम्याच्या माणसानं काहीही विचारलं नाही. कुणीच काही विचारलं नाही. नवीन वर्ष लागलं, खड्डा आला. काका रोज सकाळी पुढच्या ओळीतलं पेन काढत, चकती फिरवत, इंजेक्शन देत. एक दिवसही चुकला नाही. माल पुरला, विमा जागा झाला त्या दिवशी मागच्या ओळीत थोडे खोके शिल्लकसुद्धा होते. बाकावरचे म्हातारे म्हणाले, "स्टोअरकाका, तुम्ही खड्डा कोरड्या पायानं ओलांडलात की! कसं जमवलंत?" काका म्हणाले, "जमलं." आणि त्या दिवसापासून ते त्या बाकावर बसायचे बंद झाले.

त्याच सुमाराच्या एका दुपारी काकू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत होत्या. काका समोर बसून नुसतं बघत होते. खिडकीतून ऊन येत होतं. टरफलांचा ढीग एकीकडे, दाणे भांड्यात, सगळं अगदी नीटनेटकं चाललेलं होतं आणि घरात आवाज म्हणून नव्हता.

"एक सांगू का?" काका म्हणाले.

"बरं."

काकांनी घसा साफ केला. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांच्या तोंडून एकदा एक वाक्य गेलं होतं, आणि त्याची फळं त्यांनी पुढची कित्येक वर्षं भोगली होती. त्या वेळी काकूंनी डाव आपटला होता, दोन दिवस चूल पेटवली नव्हती आणि पुढे प्रत्येक भांडणात ते वाक्य पुराव्यादाखल काढलं होतं. तेव्हापासून काकांनी कानाला खडा लावला होता.

"तुझ्यापेक्षा तुझ्या बहिणीच्या हाताला चव जास्त आहे," ते म्हणाले.

आणि वाट पाहू लागले. काकूंचा हात थांबला. त्यांनी मान वर केली, कपाळाला आठी पडली, ओठ उघडले. काका खुर्चीत पुढे सरकले.

काकूंनी थोडा विचार केला.

"हो," त्या म्हणाल्या. "तिच्या हाताला चव आहे."

"नाही गं," काका घाईघाईनं म्हणाले. "उगीच म्हटलं मी. खोटं आहे ते. तुझ्या हाताची सर कुणाला नाही."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.